डिझेल नावाचा माणूस

डिझेल हा शब्द आपल्या तोंडी रोज असतो. पंपावर, एसटी स्टँडवर, ऊसतोडीच्या हंगामात, वीज गेल्यावर. पण हे एका माणसाचे आडनाव आहे, हे सहसा लक्षात येत नाही. पेट्रोलला कोणा माणसाचे नाव नाही, रॉकेलला नाही, डिझेलला मात्र आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने जे इंजिन बनवले, ते पुढे त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्यात जाळायच्या तेलालाही तेच नाव चिकटले.

हे इंजिन भरवशाचे म्हणून जगभर नावाजले गेले. ट्रक, जहाज, रेल्वे, ट्रॅक्टर, विहिरीवरचा पंप आणि महागड्या मोटारी अशा सगळ्या ठिकाणी ते पोहोचले. सरकारी रुग्णालयात वीज गेली की शस्त्रक्रियागृहातले दिवे आणि अतिदक्षता विभागातली यंत्रे ज्या जनरेटरवर चालतात, त्याच्या पोटातही हेच इंजिन असते. ते घडवणारा माणूस मात्र वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कर्ज, दुखणी आणि निद्रानाश यांनी पोखरून गेला. इंजिनाला भरवसा कसा आला आणि त्या माणसाचे काय झाले, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

निर्वासित मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील बुकबाइंडर, पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवण्याचा त्यांचा छोटा कारखाना होता. घरची परिस्थिती बेताची होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तिथून एकट्यालाच ऑग्सबर्गला काकांकडे धाडण्यात आले. हे काका गणिताचे शिक्षक होते. मुलाला तिथे शिस्त मिळाली, शाळा मिळाली आणि आयुष्याची दिशाही मिळाली. चौदाव्या वर्षीच त्याने आपण इंजिनिअर होणार असे आईवडिलांना पत्राने कळवून टाकले.

शाळेत तो पहिला आला. मुलाने आता कमवायला लागावे असे आईवडिलांना वाटत होते. पण शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तिथे कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक उष्णता आणि यंत्रे हा विषय शिकवत. शीतकरणाच्या यंत्रांमुळे प्रसिद्ध झालेले हेच ते लिंडे. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला कळले, की ज्या वाफेच्या इंजिनावर सारे युरोप चालते आहे, ते कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामात आणते. बाकीची धुराड्यातून आणि वाफेतून वाया जाते. हा अपव्यय त्याच्या डोक्यातून पुढे कधीच गेला नाही.

१८७९ मध्ये अंतिम परीक्षेच्या तोंडावर त्याला टायफॉइड झाला. त्या काळी टायफॉइड म्हणजे जिवावरचे दुखणे होते. त्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसला तो १८८० मध्ये. त्यावरचे पहिले गुणकारी प्रतिजैविक यायला आणखी जवळजवळ सत्तर वर्षे जायची होती. रोग्याने अंथरुणावर पडून राहायचे आणि शरीर तग धरते का याची वाट पाहायची, एवढाच उपाय होता. रुडॉल्फ वाचला, पण परीक्षा हुकली. पुढची परीक्षा होईपर्यंत त्याने स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथील सुल्झर कारखान्यात कामगारांबरोबर हाताने काम केले. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि सर्वोत्तम गुण मिळवले. कागदावरचे गणित आणि हातातले लोखंड यांची गाठ इथे पडली.

ठिणगीशिवाय आग

शिक्षण संपल्यावर तो पॅरिसला लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांच्या व्यवसायात रुजू झाला. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न झाले, पुढे तीन मुले झाली. नोकरी बरी चालली होती. पण रात्री तो आपल्या आदर्श इंजिनाच्या मागे असे. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवण्याचा त्याने काही वर्षे प्रयत्न केला, तो फसला. मग त्याने मोर्चा हवेकडे वळवला.

कल्पना सोपी आहे. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते. हवा दाबली की तापते. ती पंधरा-वीसपट दाबली, तर तिचे तापमान पाचशे अंशांच्याही वर जाते. अशा तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला, तर तो आपोआप पेट घेतो. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी मिसळून मग ठिणगीने पेटवतात. हे मिश्रण फार दाबले, तर ते वेळेआधीच पेटते. म्हणून तिथे दाबाला मर्यादा असते. रुडॉल्फने नुसती हवाच दाबायची ठरवली, त्यामुळे ही मर्यादा नाहीशी झाली. जितका दाब जास्त, तितकी उष्णता अधिक कामाला लागते.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळाले. त्याच वर्षी ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याने आणि क्रुप या पोलाद कंपनीने प्रयोगांसाठी पैसा आणि जागा दिली. पण पेटंटात मांडलेले मूळ गणित व्यवहारात टिकणारे नव्हते. ज्वलन होताना तापमान वाढूच द्यायचे नाही, असे त्याने योजले होते. तसे इंजिन बनवले असते, तर निर्माण झालेली सगळी शक्ती स्वतःचे घर्षण भागवण्यातच संपली असती. हे त्याच्या लवकरच लक्षात आले आणि त्याने योजना बदलून दुसरे पेटंट घेतले. पण मूळ पेटंट आणि प्रत्यक्ष इंजिन यांतला हा फरक पुढे टीकाकारांच्या हाती आयतेच शस्त्र ठरला. इंजिन खरोखर त्याचेच का, हा वाद त्याला शेवटपर्यंत छळत राहिला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनात पहिल्यांदा ज्वलन झाले. दाब एवढा चढला, की तो मोजणारे उपकरणच फुटले. आसपासची माणसे थोडक्यात बचावली. इंजिन काही चालले नाही, पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट फिरले. नेमक्या तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. सुमारे तीन मीटर उंच, एका सिलिंडरचे, साधारण वीस अश्वशक्तीचे ते धूड होते. त्याची कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. तुलनेसाठी आपल्या शरीराचे उदाहरण घ्या. सायकल चालवताना अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण वीस ते पंचवीस टक्के ऊर्जाच पायडलवरच्या कामाला येते, बाकीची घाम आणि उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणजे माणसाच्या हाताने घडलेले यंत्र स्नायूंच्या तोडीस पोहोचले होते.

चाचणी वेगळी, रोजचे काम वेगळे

या आकड्याने युरोपात खळबळ उडाली. परवाने घ्यायला कंपन्यांची रांग लागली. अमेरिकेतले बिअर उत्पादक अडॉल्फस बुश यांनी तिथल्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. रुडॉल्फ चाळिशीत श्रीमंत झाला. म्युनिकमध्ये त्याने आलिशान बंगला बांधायला घेतला.

पण प्रयोगशाळेत निष्णात इंजिनिअरांच्या देखरेखीखाली चालणारे इंजिन आणि कारखान्यात रोज सकाळी साध्या कामगाराने सुरू करायचे इंजिन यांत फार अंतर असते. १८९८ मध्ये जर्मनीतल्या केम्प्टन गावी काडेपेटीच्या कारखान्यात पहिले विकाऊ डिझेल इंजिन बसले. ते वारंवार बंद पडू लागले. ऑग्सबर्गमध्ये खास डिझेल इंजिनांसाठी काढलेल्या नव्या कारखान्याचा मालही तक्रारींसह परत येऊ लागला. फवारा नीट पडत नसे. इंधन सिलिंडरमध्ये ढकलायला दाबलेली हवा लागे आणि ती पुरवणारा कॉम्प्रेसरच बिघडे. झडपा, वाळे आणि जोड एवढ्या दाबाला टिकत नसत.

पेटंटाचा धनी व्याख्याने, करारमदार आणि कोर्टकचेऱ्या यांत अडकलेला असताना इमानुएल लाउस्टर यांच्यासारखे इंजिनिअर कारखान्यात एकेका बिघाडाच्या मागे लागले होते. कोणता भाग तुटला, का तुटला, जाडी किती वाढवायची, तेल कुठे पोहोचत नाही, याच्या नोंदी करत इंजिन सुधारत गेले. आज ज्याला आपण डिझेल इंजिनाचा भरवसा म्हणतो, तो असा वर्षानुवर्षांच्या तक्रारी ऐकून कमावलेला आहे.

१९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. शेंगाचटणीच्या आपल्या सोलापूरकरांना याचे अप्रूप वाटावे. रुडॉल्फने पुढे १९१२ मध्ये असे मत मांडले, की वनस्पतींच्या तेलाला आज महत्त्व नसले, तरी एक दिवस ते येईल. त्याच वर्षी सेलांडिया हे डिझेलवर चालणारे मोठे सागरी जहाज कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत गेले. इंजिनाने जग जिंकायला सुरुवात केली होती.

मोटारीत यायला बराच काळ गेला

इंजिन मोटारीत बसवण्याइतके लहान करणे रुडॉल्फला त्याच्या हयातीत साधले नाही. त्यासाठी दोन अडचणी सुटायला हव्या होत्या. पहिली ज्वलनाच्या दणक्याची. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअरने १९०९ मध्ये मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटा कप्पा योजला. इंधन आधी त्या कप्प्यात पेटायचे आणि मग ज्वाला खाली उतरायची. त्यामुळे दणका सौम्य झाला. दुसरी अडचण इंधनाच्या मापाची. दर खेपेला थेंबाहून कमी तेल, नेमक्या क्षणी, प्रचंड दाबाने सोडायचे होते. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने असा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि हवेच्या कॉम्प्रेसरची कटकट कायमची गेली.

१९३६ मध्ये मर्सिडीज बेन्झने २६० डी ही डिझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात आणली. त्याआधी कंपनीने सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मोटारीत बसवून पाहिले होते, पण त्याच्या हादऱ्यांपुढे मोटारीचा सांगाडा टिकेना. मग शक्तीचा मोह सोडून चार सिलिंडरचे, ४५ अश्वशक्तीचे इंजिन घेतले गेले. ते पळायला मंद होते, पण टिकणारे होते. टॅक्सीवाल्यांनी ते उचलून धरले. उंची मोटारीत डिझेल इंजिन ही परंपरा तिथून रुजली. आपल्याकडेही १९९५ पासून पुण्यात जोडल्या जाऊ लागलेल्या ई-क्लास मर्सिडीजमध्ये अडीच लिटरचे, पाच सिलिंडरचे डिझेल इंजिन मिळत असे.

या इंजिनाच्या टिकाऊपणाचे कारण त्याच्या रचनेतच आहे. जास्त दाब सोसायचा म्हणून त्याचे भाग मुळातच जाड आणि दणकट करावे लागतात. ते पेट्रोल इंजिनापेक्षा कमी फेऱ्यांवर काम करते, म्हणून झीज कमी होते. ठिणगीची यंत्रणाच नसल्याने ओलाव्याने ती बंद पडण्याचा प्रश्न नाही. त्याचे दुखणे बहुधा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे इंधनाच्या वाटेत. डिझेलमध्ये कचरा आला, पाणी आले किंवा नळीत हवा शिरली, की दणकट इंजिनही थांबते. महामार्गालगत पंप आणि नोझल दुरुस्तीची दुकाने दिसतात, ती त्यासाठीच. फिल्टर वेळेवर बदलणे आणि ऑइल वेळेवर बदलणे, एवढ्यावर ही इंजिने लाखो किलोमीटर जातात.

महाराष्ट्राच्या शेतीलाही या इंजिनाने हात दिला. किर्लोस्करवाडीला नांगर आणि पंप बनवणाऱ्या किर्लोस्कर घराण्याने १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आले, ते त्यानंतरच्या काळात. वीज न पोहोचलेल्या शिवारात त्याच्या टकटक आवाजावर पिके उभी राहिली.

न दाखवलेला बिघाड

आता माणसाकडे वळू. रुडॉल्फला तरुणपणापासून तीव्र डोकेदुखीचे झटके येत. पुढे गाऊट जडला. रात्र रात्र झोप लागत नसे. १८९८ च्या शरद ऋतूत, म्हणजे कीर्ती आणि पैसा दोन्ही शिखरावर असताना, तो पुरता कोलमडला आणि त्याला म्युनिकजवळच्या आरोग्यधामात ठेवावे लागले. विश्रांती मिळाली, काही महिन्यांनी तो बाहेर आला. पण विश्रांतीने थकवा उतरतो, डोक्यावरचे ओझे तसेच राहते. पेटंटाचे वाद, इंजिनांच्या तक्रारी आणि फसलेली गुंतवणूक यांतले काहीच कमी झाले नव्हते.

पैशाच्या बाबतीत तो भाबडा होता. तेलाच्या विहिरींत आणि जमिनींच्या व्यवहारांत त्याने मोठ्या रकमा गमावल्या. बंगला, राहणीमान आणि समाजातले नाव सांभाळण्यासाठी तो कर्ज काढत गेला. घरच्यांना याची पुरती कल्पना नव्हती. सप्टेंबर १९१३ मध्ये प्रवासाला निघण्यापूर्वी त्याने पत्नीकडे एक बॅग दिली आणि ती पुढच्या आठवड्यात उघडायला सांगितले. तिच्यात रोख रक्कम होती आणि बँकेतली खाती रिकामी झाल्याचे दाखवणारे कागद होते.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवर चढला. सोबत्यांबरोबर जेवण केले, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितले आणि खोलीकडे गेला. सकाळी तो बोटीवर नव्हता. अंथरूण वापरलेले नव्हते. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या एका मृतदेहाजवळच्या वस्तू त्याच्या मुलाने वडिलांच्या म्हणून ओळखल्या. अपघात, घातपात की आणखी काही, यावर त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. नक्की काय घडले, हे सिद्ध झालेले नाही. शंभर वर्षांनंतर दुरून निदान करणे डॉक्टरला शोभणारेही नाही. पण अनेक वर्षांचा निद्रानाश, शारीरिक दुखणी, एकदा येऊन गेलेला मानसिक कोलमडलेपणा, घरापासून लपवलेले कर्ज आणि अचानक केलेली निरवानिरव, ही यादी आज कोणत्याही डॉक्टरने ऐकली, तर त्याने त्या माणसाला घरी एकटे पाठवू नये.

कारण अशी यादी आपल्या जिल्ह्यातही ऐकू येते. यंत्रमागाचे हप्ते थकलेले असतात, द्राक्षाची किंवा डाळिंबाची बाग बसलेली असते, ट्रकवर कर्ज असते. माणूस पोटदुखी, डोकेदुखी, झोप नाही म्हणून बाह्यरुग्ण विभागात येतो. गोळी घेतो आणि जातो. मूळ गोष्ट तो बोलत नाही, कारण घरात आणि गावात पत जाईल असे त्याला वाटते. रुडॉल्फलाही तेच वाटत असावे. इंजिनातून वेगळा आवाज आला, तर आपण लगेच मेकॅनिककडे नेतो, त्यात कमीपणा मानत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र आवाज दाबून ठेवतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, भूक मेली असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने बहुतेकांत आटोक्यात येते. सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेली मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. घरातल्या माणसांनीही लक्ष ठेवावे. एरवी न बोलणारा माणूस अचानक हिशेब सोपवू लागला, कागदपत्रे कुठे आहेत ते सांगू लागला, तर त्याला थेट विचारावे. आत्महत्येचा विचार येतो का, असे विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मन मोकळे व्हायला वाट मिळते.

इंजिनाचीही एक काळी बाजू सांगायला हवी. डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असे निश्चित केले. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि नव्या गाड्यांचा धूर बराच कमी झाला. जुनी वाहने आणि जनरेटर मात्र आहेतच. बंद खोलीत किंवा दुकानाच्या आत जनरेटर कधीही चालवू नका. गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून काम करायचे असेल, तर दारे उघडी ठेवा.

रुडॉल्फने कल्पना दिली आणि लाउस्टर, लोरांज, बॉश यांच्यापासून रस्त्यावरच्या मेकॅनिकपर्यंत असंख्य हातांनी त्या कल्पनेतले बिघाड उघडपणे शोधले, मान्य केले आणि दुरुस्त केले. म्हणून इंजिन टिकले. त्या माणसाचे बिघाड कोणाला दिसलेच नाहीत. या आठवड्यात आपल्या घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या अशा एखाद्या माणसाशी पाच मिनिटे बोला, ज्याची झोप उडाली आहे असे तुम्हाला वाटते.